मूळपुरुषातली ओळ

थोरलीची नोकरी ज्या ओळीमुळे गेली, ती ओळ तिने लिहिलेली नव्हती. लिहिली होती तिच्या धाकट्या भावाने.

दोघं माझ्या भावाची मुलं. भाऊ लवकर गेला, तेव्हापासून मी वहिनीच्या घरी राहायला आले. ज्या ऑफिसात ही दोघं कंप्युटरवर बसायची, त्याच ऑफिसात मी चहा-कॉफी करते, कप विसळते, टेबलं पुसते. तिथे आधी मी लागले, मग थोरली, मग थोरलीच्या शब्दावर धाकटा. वहिनी म्हणायची, "दिवसा भांडायला घरात कोणी उरलंच नाही."

ऑफिस फरशीच्या दुकानावर. एक लांब खोली, टोकाला साहेबांची काचेची केबिन, आणि पडद्यामागे माझा ओटा. तिथे दवाखान्यांची वेबसाइट तयार होते. पेशंट फोनवरून डॉक्टरची वेळ घेतो, त्याला आठवण जाते, आला की दवाखान्यातल्या पडद्यावर त्याचं नाव हिरवं होतं. लहान-मोठे बरेच दवाखाने त्यात आहेत. सगळी रचना मुळात थोरलीने उभी केली, तेव्हा साहेबांकडे स्वतःची केबिनही नव्हती.

धाकटा लागला त्या सुमाराची गोष्ट. बाहेर फोनचा गलका असायचा, म्हणून ती त्याला माझ्या ओट्यापाशी शिकवायची. मी आलं किसत होते.

"समज, तुझा डबा कुठे ठेवलाय ते तुला माहीत नाही. काय करशील?"

"आईला विचारीन."

"तिला नसलं माहीत तर?"

"आत्याला."

"आत्यालाही नसलं तर?"

"मग उपाशी. आणखी काय?"

"झालं. हे असंच आहे. प्रत्येक दवाखाना म्हणजे एक ऑब्जेक्ट. त्याला जे स्वतःला ठाऊक नाही, ते तो वरच्याला विचारतो. वरच्याकडे नसलं तर त्याच्या वरच्याला. तो जो वरचा, तो प्रोटोटाइप."

"मूळपुरुष म्हणा की," मी म्हटलं.

धाकट्याला हा शब्द फार आवडला. मग त्या दोघांत तोच रूढ झाला. थोरलीने लॅपटॉपवर मूळपुरुषात एक ओळ लिहिली, आणि सगळे दवाखाने एकजात पडद्यावर 'या, बसा' म्हणायला लागले. दातांचा, डोळ्यांचा, हाडांचा, सगळे. धाकटा खो खो हसला.

"एकाला शिकवलं की अख्ख्या खानदानाला येतं! हे झकास आहे की, ताई."

"म्हणूनच तिथे हात घालायचा नाही," ती म्हणाली. "एखाद्यालाच काही वेगळं हवं असेल तर त्याच्यासाठी निराळा वडीलधारा तयार करायचा. तो वडीलधारा मूळपुरुषाच्या हाताखाली द्यायचा, आणि तो दवाखाना या नव्याच्या हाताखाली. बाकीच्यांना धक्का लागत नाही. कळलं?"

"कळलं, कळलं. बिस्किटं आहेत का गं आत्या?"

त्याने गंमत तेवढी लक्षात ठेवली आणि ताकीद बिस्किटाबरोबर गिळून टाकली. पण त्याचंही नवल वाटू नये. आमच्या घराची रीतच तशी होती. त्याच्याकडे जे नसेल ते थोरलीकडून यायचं. त्याच्या शाळेच्या वह्यांतली चित्रं तिने काढली. परीक्षेला बसताना पेनही तिचं. त्याने शेजारच्यांची काच फोडली तेव्हा वहिनी म्हणाली, "तू मोठी आहेस, तू जाऊन माफी माग." आणि ही गेली.

पुढे दातांच्या एका डॉक्टरने तक्रार केली. पेशंट वेळ घेतात आणि उशिरा उगवतात, मी काय दार धरून बसू? त्याला हवं होतं की थोडा वेळ वाट बघून अपॉइंटमेंट आपोआप रद्द व्हावी आणि ती जागा पुढच्याला जावी. साहेबांनी हे काम धाकट्याला दिलं. एकट्याने केलेलं त्याचं पहिलंच काम.

आमच्याकडे एक नियम आहे. कोणाचंही काम दुसऱ्याने वाचून स्वतःच्या नावाने 'ओके' दिल्याशिवाय वेबसाइटवर चढत नाही. ओके देणारा निम्मा धनी. आणि काही बिघडलं तर साहेब आधी ओके देणाऱ्याला बोलावतात, लिहिणाऱ्याला नंतर.

धाकट्याचं काम पुरं झालं त्याच दिवशी वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. थोरली आणि मी बाहेर बाकावर. तिच्या एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्या हातात वहिनीचा चष्मा आणि कवळी. फोन वाजला तसा तिने तो बाकावर ठेवूनच स्पीकर लावला.

"ताई, माझं काम बघून ओके दे ना. साहेब डोक्यावर बसलेत."

"मी आत्ता इथून कशी बघू? उद्या बघते."

"उद्या नाही चालणार. तो दातवाला दर तासाला फोन करतोय. म्हणतो, पेशंटचे नको, तुमचेच दात काढतो."

"मूळपुरुषात हात नाही ना घातलास?"

"नाही गं. निराळा वडीलधारा केलाय. तू शिकवलंस तस्सा."

"नक्की?"

"आईची शपथ."

आतल्या दिव्याखाली त्याची आई झोपलेली होती, डोळा उघडा ठेवून. थोरलीने दाराकडे पाहिलं.

"बरं. माझा लॅपटॉप टेबलावर उघडाच आहे. त्यावरून ओके दाब."

पलीकडून "लव यू, ताई" आलं आणि फोन बंद झाला.

दातवाला खूश झाला. धाकट्याने सगळ्यांना सामोसे नाही तर निदान केक खाऊ घालावा अशी मागणी झाली आणि त्याने तो आणला. एक तुकडा थोरलीच्या टेबलावर झाकून ठेवला.

वेबसाइटवर एक डायलिसिसचं केंद्रही आहे. तिथे एक म्हातारा येत असे. दोन बस बदलून यायचा, त्यामुळे नेहमी उशीर व्हायचा, आणि तिथल्या जुन्या नर्सला ते माहीत असल्यामुळे ती त्याचं मशीन राखून ठेवायची. त्या आठवड्यात ती रजेवर. काउंटरवर नवीन मुलगी. म्हातारा पोचेपर्यंत पडद्यावरून त्याचं नाव गेलेलं, त्या जागी दुसऱ्याचं नाव. मुलगी म्हणाली, "काका, तुमची वेळ रद्द झाली आहे, पुढची घ्या." काकांनी घेतली. पुढच्या खेपेलाही तेच. तेव्हा मात्र ते पायऱ्यांवरच कोसळले. जीव वाचला, पण मोठ्या इस्पितळात न्यावं लागलं.

त्यांची लेक आमच्या ऑफिसात आली. मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. ती दारातच उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे कोणी केलं, ते मला बघायचंय फक्त." कोणी मान वर केली नाही. मी तिला पाणी दिलं. ते तिने हातात धरलं, प्यायली नाही, आणि पेला जाताना परत माझ्या हातात दिला.

मग सगळे कामाला भिडले. डायलिसिस केंद्राचा सगळा कोड वरपासून खालपर्यंत वाचला. रद्द करण्याची ओळच नाही त्यात. एक जण म्हणाला, भुताटकी आहे. साहेब म्हणाले, भुताला पगार कोण देतं इथे?

थोरली आपल्या जागेवर बसली. तिने पडद्याला एकच प्रश्न टाकला: ही रद्द करण्याची गोष्ट या केंद्राची स्वतःची आहे का? पडद्यावर उत्तर आलं, नाही. म्हणजे वरून आली. ती एक पायरी वर गेली. मी तिच्यासमोर कॉफी ठेवत होते म्हणून मला तिचा चेहरा दिसला. मूळपुरुषात, तिने स्वतः लिहिलेल्या ओळींच्या खाली, धाकट्याची ओळ बसली होती. दातवाल्यासाठी लिहिलेली, आणि सगळ्या दवाखान्यांना मिळालेली. बाकीच्यांकडे लोक फक्त चरफडून परत गेले होते. डायलिसिसवाल्याला चरफडून चालत नाही.

तिने पडद्यावरून नजर काढून भावाकडे पाहिलं. तो कीबोर्डातली धूळ फुंकत होता.

जेवणाच्या सुट्टीआधी तिने ती ओळ काढली. सगळं पूर्ववत झालं. राहिला प्रश्न तो कोणाचं नाव सांगायचं एवढाच.

घरी वहिनी डोळ्याला काळा चष्मा लावून पलंगावर बसलेली. धाकट्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, त्याच्या पद्धतीने.

"तुझं नाव आहे ना त्या ओकेवर?" वहिनी म्हणाली. "मग तूच घे ते अंगावर. तू जुनी आहेस, तुला नाही काढायचे. त्याला काढतील. लग्नाचं जमत आलंय त्याचं."

"आई, त्याने मला खोटं सांगितलं. तुझी शपथ घेऊन. तू आत टेबलावर असताना."

"मी मेले का? नाही ना? मग झालं तर."

धाकटा दाराच्या चौकटीला टेकून नखं खात होता. "मी मुद्दाम केलं का, ताई? तो निराळा वडीलधारा करायला बसलो तर एक चूक निघायची, ती काढली की दुसरी. साहेब सारखे विचारत होते. म्हटलं, तूर्तास इथे घालू, मग बघू."

"मग मला तसं सांगायचंस."

"तू ओके दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!"

"बघ. मग काय उपयोग सांगून?"

वहिनी माझ्याकडे वळली. "आणि वन्सं, तुम्ही उगाच मध्ये तोंड घालू नका. बहीण-भावाच्या मध्ये तिसरं कशाला?"

मी ताटं घेतली. त्या घरात मला बोलण्याचा हक्क किती, ते मला कोणी सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं, आणि मला तीन चहा सांगितले. मी आत गेले तेव्हा साहेब विचारत होते, "ओळ याची, ओके तुझं. मला डायलिसिसवाल्यांना एक नाव द्यायचंय. दोन नावं दिली तर म्हणतील, सगळंच ऑफिस बेजबाबदार आहे. काय झालं ते सांगा."

थोरली भावाकडे पाहत राहिली. मला कळत होतं ती कशासाठी थांबली आहे.

धाकटा म्हणाला, "सर, मी नवीन आहे. मूळपुरुषात एक ओळ घातली की सगळ्यांना येतं, हे मला ताईनेच करून दाखवलं होतं. आणि त्यावर ओके तिच्याच नावाचं आहे."

यात खोटा शब्द एकही नव्हता. मला आजही तेच सलतं. धडधडीत खोटं बोलला असता तर निदान पकडता आलं असतं.

मी ट्रे खाली ठेवला. "साहेब, मी तिथे होते. फोन स्पीकरवर होता. हिने विचारलं होतं त्याला, मूळपुरुषात हात घातलास का म्हणून. हा नाही म्हणाला. आईची शपथ घेतली याने. माझ्या या कानांनी ऐकलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग थोरलीकडे. "खरं आहे का हे?"

थोरली अजून भावाकडेच पाहत होती. तो ट्रेकडे पाहत होता.

"आत्याला हल्ली कमी ऐकू येतं," थोरली म्हणाली.

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. केबिनमध्ये कोणी बोलेना. धाकट्याला तोंड उघडायला तेवढी जागा पुरेशी होती, आणखी कोणालाही पुरली असती. त्याने हात पुढे केला, आपला कप उचलला आणि चहा प्यायला.

मी पडद्यामागे गेले. थोड्या वेळाने थोरली आपल्या टेबलावरची पाण्याची बाटली आणि स्वेटर घेऊन बाहेर पडली. मी जिन्यात तिला गाठलं.

"मला बहिरी केलीस तू. चारचौघांत!"

"त्याने स्वतः सांगायला हवं होतं, आत्या. तुझ्या तोंडून निघालं असतं तर जन्मभर म्हणाला असता, आत्याने अडकवलं."

"आणि आता काय म्हणणार आहे तो?"

"आता काहीच म्हणणार नाही," ती म्हणाली. "तेवढं कळलं ना पण."

"हे कळायला नोकरी घालवलीस? मला विचारलं असतंस तर मी फुकट सांगितलं असतं."

ती हसली. तिला हसू आवरेना, आणि मग ती जिन्याच्या कठड्यावर कपाळ टेकवून बराच वेळ उभी राहिली. खालच्या दुकानात फरशी कापायचं मशीन चालू होतं, त्यामुळे बरं झालं.

त्या दिवसापासून ऑफिसात सगळे माझ्याशी मोठ्याने बोलतात. नवीन मुलं तर हातवारे करून साखर मागतात. मीही सांगत बसत नाही.

थोरलीचं टेबल धाकट्याला मिळालं. थोरलीने दोन-चार ठिकाणी प्रयत्न केला, पण गाव कुठलंही असो, एका धंद्यातली माणसं एकमेकांना ओळखतात. "ते डायलिसिसचं तुमच्या हातून झालं ना?" असं विचारून चहा पाजायचे आणि कळवतो म्हणायचे. शेवटी ती एका कुरिअरवाल्याकडे पत्ते टाइप करायला लागली. ज्या हातांनी अख्खी वेबसाइट उभी केली, ते हात आता पार्सलांचे पिनकोड टाइप करतात. तिने निराळी खोली घेतली आणि माझी पिशवीही ती स्वतःच भरून घेऊन आली. वहिनीने मला थांबवलं नाही. "दोघीही जा," म्हणाली, "तेवढीच शांतता."

पुढे दातवाल्याने पुन्हा धाकट्याला धारेवर धरलं, माझा नियम कुठे गेला म्हणून. या खेपेला धाकट्याने मूळपुरुषाला हात लावला नाही, तेवढा धडा घेतला होता. त्याने कुठूनतरी वेगळी युक्ती काढली. कोणी दातवाल्याचं पान उघडलं की त्या क्षणी त्या दवाखान्याचा मूळपुरुषच बदलायचा, आणि काम झालं की परत जुना लावायचा. चाललं. मग हाडांच्या डॉक्टरला हवं झालं, कानवाल्याला हवं झालं. तो प्रत्येकाला तसंच करून देत गेला. हळूहळू वेबसाइट इतकी मंदावली की पेशंट पायी चालत जाऊन नंबर लावू लागले. साहेब रोज केबिनमधून ओरडायचे, आणि मी ते सगळं 'ऐकू न येता' ऐकायचे.

एका रविवारी सकाळी धाकटा आणि वहिनी आमच्या खोलीवर आले. थोरली इस्त्री करत होती. वहिनी खुर्चीवर बसली, धाकटा उभाच राहिला.

"वाळलीस गं," वहिनी म्हणाली.

"बोल, आई."

"याचं काहीतरी अडलंय. तू बघ जरा. तुला पाच मिनिटांचं काम."

थोरलीने भावाला विचारलं, "चालू असताना मूळपुरुष बदलतोयस?"

तो चमकला. "हो."

"दर वेळी?"

"हो. त्याने मंद होतंय का?"

तिने बाहीवरून इस्त्री फिरवली. तिला उत्तर माहीत होतं, हे आम्हा तिघांनाही दिसलं.

"साहेबांना जाऊन त्या दिवसाचं खरं सांग," ती म्हणाली. "मग मी येऊन स्वतः दुरुस्त करून देते. फुकट."

"आता ते उकरून काय होणार, ताई? तुला परत घेणार आहेत का ते?"

"नाही घेणार."

"मग?"

"मग तुझं तू बघ."

वहिनी उठली. "अगं, उद्या काढून टाकतील त्याला! पत्रिका छापून झाल्यात."

"काढतील."

"आणि तुला बरं वाटेल?"

थोरलीने इस्त्री उभी केली. "नाही, आई," ती म्हणाली. "मुळीच बरं वाटणार नाही."

धाकटा आधीच तरातरा जिना उतरून गेला होता. वहिनीला ऑपरेशन झालेल्या डोळ्याने पायरीची कड नीट दिसत नाही. थोरली तिचा दंड धरून खाली घेऊन गेली, रस्त्यावर रिक्षात बसवलं, पदर आत घेतला. वर आली तेव्हा शर्टाची बाही चुरगळली होती. तिने पुन्हा पाणी शिंपडलं.

त्याच आठवड्यात साहेबांनी धाकट्याला काढलं. त्याच्या जागी एक नवीन मुलगी आली, जेमतेम कॉलेज संपलेली. तिने दोन दिवस सगळं शांतपणे वाचलं. धाकट्याची युक्ती काढून टाकली, दातवाल्याला निराळा वडीलधारा करून दिला, बाकीच्या डॉक्टरांनाही. वेबसाइट पूर्वीसारखी पळायला लागली. मी केबिनमध्ये चहा घेऊन गेले तेव्हा ती साहेबांना सांगत होती, "सर, वरवरचा गोंधळ सोडला तर मूळ काम फार नीट केलेलं आहे. कोणी लिहिलं हे?"

साहेबांनी कप जवळ ओढला.

"होती एक," ते म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, घसा ताणून, "मावशी, साखर कमी!"